‘दुखत नाही नव्हं? मग औषध लागू पडलंय!’

हे वाक्य मी एका वैद्याच्या तोंडून आठ दिवसांत तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा दीड-दीड हजार मोजले.

आमचं गाव पंचगंगेकाठचं. पूर ओसरल्यावर भावकीतली एक म्हैस रात्रीत गेली. संध्याकाळी दूध दिलेली, पहाटे फुगून पडलेली. नाकातनं काळपट रक्त येत होतं आणि ते थिजतच नव्हतं. कुणी म्हणालं पान लागलं असणार, म्हणजे साप चावला असणार. कातड्याचे चार पैसे येतील म्हणून सोलायला मीही बसलो. मनगटाच्या वर विळ्याची जुनी खरचट होती, तिकडं कोण बघतंय!

चौथ्या दिवशी तिथं डास चावल्यागत पुळी आली. नुसती खाज. मग तिच्याभोवती पाण्याचे बारके फोड. कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर एका ओळखीच्यानं हात बघितला आणि म्हणाला, “काळपुळी हाय ही. दवाखान्यात गेलास तर चिरतील, आणि चिरलं की माणूस हातचा गेला.” त्यानंच वैद्याचा पत्ता दिला.

वैद्यानं डब्यातली काळी पूड तेलात खलली, लेप लावला, वर पान बांधलं. “जहर ओढून घेतंय हे.” दोन दिवसांनी फोड फुटून मधोमध खड्डा पडला. दुखत मात्र काहीच नव्हतं. म्हणून तर माझा विश्वास बसला. पुढच्या खेपेला खड्ड्यावर काळीकुट्ट खपली धरली होती. तो खूश होऊन म्हणाला, “बघ, जहर जळून कोळसा झालं!” तिसऱ्या खेपेला सूज कोपरापर्यंत चढलेली, काखेत गाठ, अंगात ताप. तर म्हणे जहर पळायला लागलंय.

त्या रात्री आक्का आली. तिनं पान सोडलं, खपलीच्या कडेला बोट दाबलं. “एवढी काळी जखम आणि दुखत न्हाई? चल, ऊठ.” सकाळी सीपीआरला, कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “घरात, गोठ्यात जनावर मेलंय का?” वैद्यानं तीन खेपांत हे एकदाही विचारलं नव्हतं. खपलीच्या कडेखालचा नमुना तपासायला घेतला आणि अहवालाची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. अहवाल आला, अँथ्रॅक्स. गुरांचे डॉक्टर ज्याला फाशी म्हणतात तो.

मग एकेक उलगडत गेलं. न दुखणं हेच या जखमेचं लक्षण. आधी खाज, मग फोड, मग काळी खपली आणि भोवती जखमेच्या मानानं कितीतरी मोठी सूज, हा रोगाचा ठरलेला क्रम. तोच मला औषधाचा गुण म्हणून विकला गेला. अँथ्रॅक्स हा शब्दच मुळी कोळशासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेला, म्हणजे वैद्यबुवा अजाणता खरं बोलून गेले. ती खपली चिरायची नसते हेही खरंच. अर्धं खरं सांगणारा माणूस पकडता येत नाही.

कातडीच्या या प्रकारात उपचार न घेणाऱ्या पाचांतला साधारण एक दगावतो. उरलेले चार बरे होतात, आणि ते चौघं ‘गुण आला’ म्हणून वैद्याचं नाव गावभर करतात. वेळेत औषध मिळालं तर शंभरात एकही क्वचितच जातो. खपली मात्र तिच्या वेळेनंच पडते. तेच मांस कच्चंपक्कं पोटात गेलं असतं तर उलट्या आणि रक्ताची हगवण. जंतू श्वासातून गेले तर आधी साध्या तापासारखं वाटतं, मग धाप लागते, आणि तो प्रकार सगळ्यांत वाईट. माणसापासून माणसाला सहसा होत नाही, तरी पोरांना मी आठवडाभर जवळ येऊ दिलं नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच झापलं. असं मेलेलं जनावर फाडायचंच नाही. रक्ताला हवा लागली की जंतू बीजाणू, म्हणजे टणक कवचाची बीजं, बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खोल खड्डा, वर चुना, बस्स. बाकीच्या जनावरांना लस टोचून घेतली.

बरा झाल्यावर पैसे मागायला वैद्याकडं गेलो. त्यानं माझा हात उलटापालटा करून बघितला. “हात शाबूत हाय नव्हं? मग गुण कुणाचा?” एक पैसा दिला नाही. आता तो नव्या गिऱ्हाइकाला नदीकाठच्या एका दूधवाल्याचा दाखला देतो असं कट्ट्यावर कळलं. तो दूधवाला मी.