ओव्हन थर्मामीटर: घरच्या बेकिंगसाठी घ्यावी अशी पहिली वस्तू

घरी केक, बिस्किटे किंवा पाव करणाऱ्यांच्या बोलण्यात बिघडलेल्या पदार्थाचे खापर बहुतेक वेळा साहित्यावर फुटते. मैदा जुना असेल, बेकिंग पावडरचा जोर गेला असेल, अंड्याशिवायचा केक असाच बसतो, अशी कारणे सांगितली जातात आणि पुढच्या खेपेला कृतीच बदलली जाते. ओव्हनच्या आत प्रत्यक्षात किती तापमान आहे हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, कारण बटण १८० वर फिरवले की आत १८० अंश असणारच, असे आपण धरून चालतो. हे गृहीतक खरे की खोटे ते सांगणारी एक छोटी वस्तू बाजारात काही शे रुपयांत मिळते. हात सुधारावा असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी नवे टिन, नवी इसेन्स आणि महागडे वर्ग यांच्या आधी ती घ्यावी, असे माझे ती वापरल्यानंतरचे मत आहे.

ओव्हनच्या आत ठेवायचा हा तबकडीचा थर्मामीटर स्टीलचा असतो, तळहातावर सहज मावतो, जाळीवर उभा राहतो आणि हुकाने टांगताही येतो. तबकडीमागे दोन वेगळ्या धातूंच्या जोडपट्टीचे वेटोळे असते. तापल्यावर एक धातू जास्त आणि दुसरा कमी प्रसरण पावतो, त्यामुळे वेटोळे पिळले जाते आणि त्याला जोडलेला काटा पुढे सरकतो. बॅटरी नाही, वायर नाही, बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. बहुतेकांवर साधारण ५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खुणा असतात आणि आतल्या वर्तुळात फॅरेनहाइट दिलेले असते, ज्याचा उपयोग अमेरिकन कृती वाचताना होतो. तिथले नेहमीचे ३५० अंश म्हणजे आपले सुमारे १७७.

आपल्याकडच्या घरांत बेकिंग होते ते मुख्यत्वे ओटीजीमध्ये, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, आणि थर्मामीटरची खरी गरज तिथेच आहे. ओटीजीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ओळखून वीज चालू-बंद करणारा भाग, ओव्हनच्या मध्यभागी नसून बहुधा बटणांच्या बाजूच्या भिंतीजवळ असतो. तो जे तापमान ओळखतो ते त्या कोपऱ्याचे असते, केकच्या टिनाभोवतीच्या हवेचे नसते. शिवाय ओव्हन तापवणारे रॉड सतत तापत राहत नाहीत. ठरलेल्या तापमानाला ते बंद होतात, हवा थोडी निवली की पुन्हा लाल होतात, आणि त्यामुळे आतले तापमान एका आकड्यावर न थांबता वरखाली होत राहते. माझ्या ओटीजीवर बटण १८० ला असताना काटा १५० आणि १७० यांच्या मध्ये झुलतो, म्हणजे सरासरी १६० धरावी लागते. प्रीहीट झाल्याचे, म्हणजे पदार्थ ठेवण्याआधी रिकामा ओव्हन तापल्याचे, सांगणारा दिवा विझतो तेव्हा तर काटा १३० च्या आसपासच असतो आणि त्यापुढे स्थिर व्हायला आणखी दहा मिनिटे सहज जातात. त्यातला काही वेळ काट्याच्या संथपणाचा असला तरी ओव्हनच्या भिंती आणि जाळी पुरेशा तापलेल्या नसतात, ही गोष्ट उरतेच. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरतो तेव्हा हा वेळ अधिकच वाढतो, कारण रॉडची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला, तर १५०० वॉटचा रॉड जेमतेम ११३० वॉटचे काम करतो. कृतीत लिहिलेली ‘दहा मिनिटे प्रीहीट’ ही सूचना अशा दिवशी पाळून उपयोग नसतो. काटा पाहूनच टिन आत सरकवावा लागतो.

या वीस अंशांनी काय बिघडते ते नानकटाईत सर्वांत स्पष्ट दिसते. पूर्वी सुट्टीत मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून जवळच्या बेकरीत न्यायचे आणि भट्टीतून पत्र्याचे ट्रे भरून नानकटाई घरी आणायची, अशी पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत होती. त्या नानकटाईला वरून पडणाऱ्या भेगा आणि जिभेवर विरघळणारा पोत घरच्या ओव्हनमध्ये येत नाही, अशी तक्रार अजूनही ऐकू येते. थिजलेले तूप पांढरे होईपर्यंत फेसून, त्यात पिठीसाखर, मैदा, थोडे बेसन आणि वेलची घालून वळलेले गोळे जर १४० अंशांच्या ओव्हनमध्ये गेले, तर पिठाला आकार धरायला वेळ मिळण्याआधीच तूप वितळते आणि गोळे चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. काटा १६५ ते १७० वर असताना तोच ट्रे आत ठेवला, की सहाव्या-सातव्या मिनिटाला गोळ्यांची कड घट्ट होऊ लागते, मग माथा किंचित फुगून त्यावर बारीक भेगा उमटतात, आणि पंधराव्या मिनिटानंतर तळाशी फिकट बदामी रंग चढतो. तूप, पीठ, साखर यांचे प्रमाण दोन्ही वेळा तेच असते.

केकचेही असेच आहे, फक्त तिथे चूक दोन्ही दिशांना होते. ओव्हन जास्त तापलेला असेल तर कडा आणि वरचा पापुद्रा लवकर घट्ट होतात, आतले पीठ मात्र अजून फुगत असते, आणि मग केक मध्यभागी डोंगरासारखा वर येऊन फुटतो. ओव्हन थंड असेल तर सोड्याने किंवा बेकिंग पावडरने तयार केलेले बुडबुडे मिश्रण शिजून धरण्याआधीच निसटतात, आणि तळाशी तो ओलसर, चिकट थर राहतो ज्याला आपण ‘केक बसला’ म्हणतो. दही-सोड्याच्या बिनअंड्याच्या केकमध्ये हे अधिक जाणवते, कारण सोडा दह्याला भेटताच वायू सुटू लागतो आणि थंड ओव्हनमध्ये त्यातला बराच वाया जातो. असे केक वर्षानुवर्षे निमूटपणे सोडा वाढवत करणारी माणसे मला माहीत आहेत. त्या जास्तीच्या सोड्याची साबणासारखी चव मग कितीही व्हॅनिला घातला तरी लपत नाही.

थर्मामीटरच खरे सांगतो कशावरून, ही शंका रास्त आहे, आणि ती घरच्या साखरेने दूर करता येते. शुद्ध साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून ती थर्मामीटरला लागून ठेवावी आणि काटा १७५ च्या आसपास स्थिर असताना पंधरा मिनिटे थांबावे. साखर कोरडी आणि पांढरी राहिली पाहिजे. नंतर बटण वाढवून काटा १९० च्या पुढे नेला की ती कडेने वितळू लागली पाहिजे. १७५ लाच वितळली, तर काटा कमी दाखवतो आहे. ही चाचणी ढोबळ आहे, पाच-सात अंशांचा फरक तिच्यातून कळणार नाही, पण घरच्या कामाला तेवढी पुरते.

आता या वस्तूच्या उणिवा. काटा संथ आहे. तापमान बदलल्यावर खरा आकडा दाखवायला त्याला काही मिनिटे लागतात, म्हणून एका नजरेत निष्कर्ष न काढता काटा कुठून कुठे झुलतो ते पाहून सरासरी धरावी लागते. थर्मामीटर कुठे ठेवला यालाही फार महत्त्व आहे. वरच्या रॉडजवळ टांगला तर रॉडची थेट धग लागून तो हवेपेक्षा बरेच जास्त दाखवतो, म्हणून तो टिनाच्याच उंचीवर, जाळीच्या मधल्या भागात, भिंतीपासून दूर ठेवावा. ज्या ओव्हनमध्ये आतला दिवा नाही, तिथे काचेतून आकडा दिसत नाही आणि मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. दार उघडून पाहणे हा उपाय नव्हे, कारण गरम हवा क्षणात बाहेर जाते. तुपातेलाच्या वाफेने तबकडीची काच काही महिन्यांत पिवळट होते. ती ओल्या फडक्याने पुसावी, पण थर्मामीटर पाण्यात बुडवू नये, नाहीतर आत ओल शिरून काच कायमची धुरकट होते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. ही धातूची वस्तू फक्त कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजताना, चालते. मायक्रोवेव्ह सुरू करताना ती आत राहिली तर ठिणग्या उडतील. शिवाय फिरत्या काचेच्या थाळीवर आकडा वाचणे अवघड जाते, त्यामुळे तिथे तिचा उपयोग मर्यादितच आहे. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर हा तिला पर्याय नाही, कारण तो पृष्ठभागाचे तापमान मोजतो, हवेचे नाही, आणि दारावरून रोखला तर काचेचाच आकडा सांगतो. पाव आतून भाजला आहे का हे या तबकडीवरून कळत नाही. त्यासाठी पावात टोचायचा वेगळा थर्मामीटर लागतो, आणि साध्या पावाच्या मध्यभागी ९० ते ९५ अंश दिसले की तो बाहेर काढता येतो. नियमाने पाव करणाऱ्यांनी दोन्ही घ्यावेत.

घेताना कंपनीपेक्षा तबकडी पाहावी. आकडे ठळक आणि काळे असावेत, दर दहा अंशांना खूण असावी, बैठक रुंद असावी, कारण जाळीच्या तारांमध्ये अरुंद बैठकीचा थर्मामीटर वारंवार आडवा होतो. लाल-निळ्या पट्ट्यांनी सजवलेल्या तबकड्या दिसायला छान असतात, पण काचेपलीकडून वाचता येत नाहीत. ओटीजी अगदी लहान असेल आणि टिनाशेजारी जागाच उरत नसेल, तरीही खरेदी वाया जात नाही. रिकाम्या ओव्हनमध्ये १५०, १८० आणि २०० या तीन खुणांवर काटा कुठे स्थिरावतो ते एकदा टिपून, तो कागद ओव्हनशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा आणि दर कृतीला त्यानुसार बटण फिरवावे.