भारांकन की घरच्यांची साक्ष?

इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरातील मराठी कुटुंबांत ज्येष्ठांची आरोग्य-पाहणी करायची झाली, तर दार उघडून बोलणारे आजी-आजोबा बहुधा हिंडते-फिरते असतात. अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे किंवा विस्मरण झालेले मात्र नोंदीबाहेर राहतात. ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग भारांकनाचा. वय, लिंग व वस्ती पाहून, ज्या गटातले कमी जण भेटले त्या गटातील उत्तर देणाऱ्यांना हिशेबात अधिक वजन दिले जाते. तो स्वस्त आहे, पण एकाच वयोगटातील भेटलेले आणि न भेटलेले सारखेच असतात, हे त्याचे गृहीतक आजारपणच न भेटण्याचे कारण असेल तेव्हा कोसळते. समजा, ऐंशीच्या पुढच्या १०० जणांपैकी ६० भेटले आणि त्यांतील १५ जणांना अंघोळीला मदत लागते. न भेटलेल्या ४० पैकी २० जणांना ती लागत असेल, तर खरे प्रमाण ३५ टक्के असूनही वयानुसार दिलेले वजन २५ टक्केच दाखवील.

दुसरा मार्ग सुनेला किंवा मुलाला विचारण्याचा. पडणे, औषधे, रुग्णालयातील भरती यांविषयी त्यांचे उत्तर उपयोगी ठरते. वेदना, एकटेपणा, उदासी यांविषयी मात्र ते विचारूच नये, कारण त्या गोष्टी सासूबाई कुणाला सांगतातच असे नाही. शिवाय सेवा करून थकलेली व्यक्ती परावलंबन वाढवूनही सांगू शकते.

तरीही शारीरिक अक्षमता मोजायची असल्यास मी घरच्यांची साक्ष निवडीन. मात्र ती उत्तरे वेगळी नोंदवलीच पाहिजेत.