पातळ पॉलिमर फिल्म: प्रत्येक अणू धरावा, की मण्यांची माळ ओवावी?

पातळ पॉलिमर फिल्मचं सिम्युलेशन करायचं ठरलं की सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं यावर लोक आठवडा घालवतात. लॅम्प्स असो वा ग्रोमॅक्स, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही हे काम करतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जे येतं ते घ्यावं, म्हणजे अडलं की विचारता येतं. खरा निर्णय त्याच्या आधीचा असतो: पॉलिमरच्या लांब साखळीतला प्रत्येक अणू वेगळा धरायचा, की काही अणू मिळून एक मणी करायचा आणि साखळीची माळ ओवायची? मी दोन्ही केलं. आधी अणू, मग मणी. क्रम उलटा असता तर एक वर्ष वाचलं असतं, असं मला वाटतं, पण हे माझ्या कामापुरतं.

साध्या द्रवांपुरतं बोलायचं तर फार विचार करू नका, अणूच घ्या. १९६४ साली भौतिकशास्त्रज्ञ रहमान यांनी ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन संगणकावर हलवून दाखवला आणि विसरणाचा, म्हणजे कण किती वेगाने पसरतात याचा, गुणांक प्रयोगाच्या जवळ आणला. अर्थात आर्गॉनचा अणू हाच मुळात एक गोल मणी, त्यामुळे तिथे आपला प्रश्न उद्भवतच नव्हता. पाण्यात तो उद्भवतो, पण पाण्याचा रेणू काही पिकोसेकंदांत आपली जुनी दिशा सोडून देतो. दहा नॅनोसेकंदांचा रन त्याच्या दृष्टीने अनेक जन्मांचा असतो. तिथली डोकेदुखी वेगळी. टीआयपी३पी या मॉडेलचं पाणी खऱ्या पाण्याच्या दुपटीहून वेगाने पसरतं, एसपीसी/ई हे दुसरं मॉडेल बरंच जवळ येतं. शिवाय बॉक्स लहान असेल तर गुणांक ठरावीक रीतीने कमी भरतो, आणि द्रवाचा चिकटपणा माहीत असेल तर ती तूट भरून काढता येते. एवढं सांभाळलं की झालं.

पॉलिमरचं मात्र विसरण्यातच अडतं. डिफ्यूजनला आपण मराठीत विसरण म्हणतो, आणि या एका पदार्थाला तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. साखळी आपल्या जागेवरून पसरली तरच ती सुरुवात विसरते.

माझी पहिली फिल्म पॉलिस्टायरीनची होती. १०० एककांच्या ४८ साखळ्या, जवळपास ७७ हजार अणू, जाडी साधारण १३ नॅनोमीटर, वर-खाली पोकळी. दिसायला इतकी देखणी की गटातले सगळे येऊन पडद्यावर पाहून जायचे. ५०० केल्विनवर अर्धा मायक्रोसेकंद चालवली. क्लस्टरवर रांगेत उभं राहण्याचा वेळ धरून त्यात दीड महिना गेला. ऊर्जा स्थिर, घनतेची रेषा मधोमध सपाट, पृष्ठभाग शांत. अहवाल लिहायला घेतला आणि केवळ सवय म्हणून साखळीची दोन टोकं जोडणाऱ्या सदिशाचा स्वसहसंबंध, म्हणजे सुरुवातीची दिशा किती शिल्लक आहे याचं माप, काढला. तो १ पासून सुरू होतो आणि शून्यावर यायला हवा. माझा ०.७ च्या खाली उतरला नव्हता. म्हणजे पॅकिंगच्या प्रोग्रामने पहिल्या दिवशी ज्या साखळ्या जिकडे तोंड करून बसवल्या होत्या, त्यातल्या बहुतेक दीड महिन्यानंतरही तिकडेच पाहत होत्या.

तरीही मनाची समजूत घातली, की मला फक्त पृष्ठभागाजवळच्या भागाची चपळाई हवी आहे, अख्ख्या साखळीशी काय देणं-घेणं? म्हणून वेगळ्या सुरुवातीच्या आणखी दोन फिल्म बनवल्या. तिन्हींच्या वरच्या थराचं सरासरी वर्ग-विस्थापन (अणू किती सरकले याचं माप) शेजारी-शेजारी ठेवलं, तर तीन फिल्ममधला आपसातला फरक हा पृष्ठभाग आणि गाभा यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा निघाला. मी पॉलिस्टायरीन मोजत नव्हतो, माझं स्वतःचं पॅकिंग मोजत होतो.

या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला. यात फोर्स फील्डचा, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांचा, काही दोष नाही. हायड्रोजनचे बंध गोठवले तरी टाइम स्टेप २ फेम्टोसेकंदांच्या आसपास राहते. दहा मायक्रोसेकंद हवे असतील तर ५०० कोटी पावलं चालायची, आणि तीही एका फिल्मसाठी. साखळी दुप्पट लांब केली तर विसरायचा काळ किमान चौपट होतो. एकमेकींत गुंतण्याइतकी लांब केली तर वाढ घनाच्या हिशोबाने, किंबहुना थोडी जास्तच. तापमान चढवून पळवाट काढता येते, मीही ७५० केल्विनपर्यंत नेलं होतं. त्या तापमानाला खरं पॉलिस्टायरीन तुटून गेलं असतं, मॉडेलमधले बंध तुटत नसल्यामुळे त्याला पत्ता लागत नाही. पण फिल्मला लागतो. पृष्ठभाग पसरट होतो, फिल्म बारीक असेल तर मध्येच भोक पडतं.

मग क्रेमर आणि ग्रेस्ट यांच्या १९९० च्या मण्यांकडे वळलो. मॉडेल म्हणून अगदी गरीब: सारखे मणी, ताणला तर तुटण्याऐवजी अडणारा स्प्रिंगसारखा बंध, बाकी काही नाही. १०० मण्यांच्या साखळ्यांची फिल्म, तापमान मॉडेलच्या स्वतःच्या एककांत १, आणि संध्याकाळी लावलेला रन सकाळपर्यंत टोकांचा सदिश शून्यावर आणून मोकळा. आठवडाअखेर पाच वेगवेगळ्या सुरुवातींच्या पाच फिल्म तयार होत्या आणि त्यांच्या पाच रेषा एकमेकींवर बसल्या. वरचा थर गाभ्यापेक्षा वेगाने हलतो हे वाचलेलं होतंच, पण त्यावर स्वतः काढलेला एरर बार ठेवता येणं ही वेगळीच चैन होती. थरवार हिशोबही शक्य झाला. फिल्मच्या आडव्या दिशेत अडसर नाही, तिथे विस्थापनाचा वर्ग ४ गुणिले गुणांक गुणिले वेळ असा वाढत जातो. उभ्या दिशेत मात्र जाडी आडवी येते आणि रेषा सपाट होते. शिवाय मणी एका थरातून दुसऱ्यात निघून जातात, म्हणून पूर्ण वेळ त्याच थरात राहिलेलेच मोजायचे. अशी गाळणी लावली की आकडे भराभर कमी होतात. अणूंच्या फिल्ममध्ये ती लावून माझ्या हातात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

मण्यांचेही नखरे आहेत. पहिली माळेची फिल्म मी मूळ मॉडेल जसंच्या तसं उचलून बनवली आणि तिची अक्षरशः वाफ झाली. कारण मूळ रूपात मणी एकमेकांना फक्त ढकलतात, ओढत नाहीत. चारही बाजूंनी दाबून ठेवलेल्या द्रवाला ते चालतं, मोकळा पृष्ठभाग असा टिकत नाही. आकर्षण हवं, म्हणजे मण्यांमधलं लेनर्ड-जोन्स बल जिथे तोडतात ते अंतर, म्हणजे कटऑफ, २.५ सिग्मापर्यंत (सिग्मा म्हणजे साधारण मण्याचा व्यास) तरी न्यायला हवा. (पृष्ठताण मोजणार असाल तर तोही या कटऑफवर चांगलाच हलतो. हा त्रास अणूंच्या फिल्ममध्येही आहे, तिथे कटऑफपलीकडे सुटलेल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाची नेहमीची दुरुस्ती सगळीकडे घनता सारखी धरून केलेली असते, आणि फिल्ममध्ये घनता सारखी नसते.)

दुसरा नखरा मोजमापाच्या एककांचा. प्रयोगशाळेतला माणूस विचारतो, तुमची फिल्म किती नॅनोमीटर? आपण सांगतो, वीस सिग्मा. मग तो नम्रपणे विषय बदलतो. वेळेचं तर त्याहून अवघड, कारण मणी गुळगुळीत असल्याने घर्षण कमी पडतं आणि सगळं वाजवीपेक्षा लवकर घडतं. एखादा गुणक लावून घड्याळ जुळवता येतं, पण तापमान बदललं की गुणकही बदलतो. जे मॉडेल ‘अमुक पॉलिमर’ असा दावाच करत नाही, त्याच्याकडून पिकोसेकंद मागणं मी हल्ली सोडून दिलंय.

काच होण्याच्या तापमानासाठी (थंड होताना पॉलिमर ज्या तापमानाला काचेसारखा कडक होतो), म्हणजे टीजीसाठी, या क्षेत्रात येणारे बरेच असतात, म्हणून त्याबद्दल थोडं. १९९४ मध्ये केडी, जोन्स आणि कोरी यांनी सिलिकॉनवरच्या पॉलिस्टायरीन फिल्म मोजल्या. साधारण ४० नॅनोमीटरखाली टीजी घसरू लागला आणि १० नॅनोमीटरला तो सुमारे २५ केल्विनने खाली आला. आता आपला हिशोब पाहा. प्रयोगात फिल्म मिनिटाला काही केल्विन या वेगाने थंड होते, अणूंच्या सिम्युलेशनमध्ये सेकंदाला दहा अब्ज केल्विन हा वेगही संथ म्हणायचा. थंड करण्याचा वेग दहापट झाला की टीजी सुमारे ३ केल्विन वर सरकतो असं धरलं, तरी नुसत्या घाईपायी तीसेक केल्विनची चूक, म्हणजे जो परिणाम शोधायचा त्याहून मोठी. जाड आणि पातळ फिल्म एकाच वेगाने थंड केल्या तर वजाबाकीत ती बरीचशी कटते असा युक्तिवाद होतो आणि तो चुकीचा नाही. मणीही या घाईतून सुटत नाहीत. फरक इतकाच, की मण्यांच्या फिल्मला तोच प्रवास शंभरपट संथ वेगाने करायला लावून उत्तर किती सरकतं ते पाहता येतं. अणूंना तसं करायला लावायची माझी ऐपत नव्हती.

तरीही अणूंना पर्याय नाही अशी कामं आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत. पीएमएमए (अ‍ॅक्रिलिकचा पॉलिमर) सिलिकावर बसवलं की तळाशी हायड्रोजन बंध होतात आणि टीजी उलट वर जातो. सारख्या मण्यांना हे कुठून कळणार? भिंतीचं आकर्षण वाढवून आपण त्याची नक्कल करू शकतो, पण किती वाढवायचं हे आपणच ठरवणार, म्हणजे उत्तर आधीच खिशात. फिल्ममधून पाणी किंवा वायूचा लहान रेणू कसा झिरपतो, पृष्ठभागावर बेंझिनची कडी कुठे कलते, हेही अणूंचंच क्षेत्र. आणि झिरपणारा रेणू साखळीइतका आळशी नसल्याने तिथे वेळही पुरतो.

मधले रस्ते आहेत. कार्बनमध्येच त्याचे हायड्रोजन मिसळले तर पॉलिस्टायरीनच्या एककातले १६ अणू ८ वर येतात. काम काही पटींनी हलकं होतं, पण विसरायचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. मार्टिनीसारखी मॉडेल साधारण चार जड अणूंचा एक मणी करतात आणि रसायनाची चव थोडी राखतात, पण घड्याळाची भानगड तिथेही आहे.

मला शेवटी मानवलेला क्रम असा: फिल्म मण्यांनी बनवायची, साखळ्या पुरत्या विसरू द्यायच्या, आणि प्रश्न रसायनाचाच असेल तरच मण्यांच्या जागी अणू परत बसवून शेवटचे काही नॅनोसेकंद चालवायचे. हातात मोठं मशीन आणि छोट्या साखळ्या असतील तर थेट अणूंपासून सुरुवात करणाऱ्याला मी अडवणार नाही. फक्त टोकांचा सदिश रन संपेपर्यंत थांबून काढू नका, पहिल्या दहा टक्क्यांनंतरच काढा. तो तेव्हा ०.९७ वर असेल, तर पुढचे आठवडे कसे जाणार आहेत ते त्याच दिवशी कळतं.