सुप्रीम कोर्टाची "परवानगी" काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

वाटणीचा जुना दावा, हायकोर्टात आमचं सेकंड अपील फेटाळलं गेलं आणि आठच दिवसात ओळखीतून एक जण घरी आला. वकील नव्हता, "दिल्लीची कामं बघतो" एवढंच म्हणाला. त्याचं गणित असं की आधी सुप्रीम कोर्टाची परवानगी काढायची त्याचे 40 हजार, ती आली की मग अपील टाकायचं त्याचे वेगळे 60, आणि परवानगी मिळणार म्हणजे मिळणारच. मी 40 दिले.

अहो, एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन) म्हणजेच ती परवानगी मागणं! राज्यघटनेच्या कलम 136 खाली. कोर्टाने लीव्ह, म्हणजे परवानगी, दिली की त्याच केसचं सिव्हिल अपील होतं, नवीन काही टाकावं लागत नाही. आणि ती मिळणं हा आपला हक्क नाही, कोर्टाला वाटलं तर देतं, कितीतरी एसएलपी पहिल्याच तारखेला दोन-चार मिनिटात उडतात, मग गॅरंटी कसली? पण हे सगळं मला नंतर कळलं.

महिनाभराने त्याने व्हॉट्सॲपवर डायरी नंबर, म्हणजे केस दाखल केली की कोर्टात मिळतो तो नंबर, पाठवला. नुसता नंबर, पुढे वर्ष नाही. मी खूश, भावांना लगेच फॉरवर्ड पण केला. वकीलपत्रावर सही घेतली तेव्हा वकिलाच्या नावाची जागा कोरी होती, पण चहा-गप्पा चालू होत्या, कोण बघतंय. खरं तर सुप्रीम कोर्टात वकिलामार्फत केस टाकायची तर ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच, म्हणजे तिथे केस दाखल करण्यासाठी नोंदवलेला वकीलच लागतो, बाकी कितीही मोठा वकील असो, आणि त्यांची यादी कोर्टाच्या साइटवरच असते. मी नावसुद्धा विचारलं नाही.

विचारलं की एकच उत्तर, "टेन्शन घेऊ नका काका, बोर्डावर येईल." शेवटी पुतणीने कोर्टाच्या साइटवर केस स्टेटसमध्ये तो नंबर आणि वर्ष टाकलं तर दुसऱ्याच राज्यातल्या कुणाची तरी नोकरीची केस निघाली. दोन मिनिटांचं काम होतं हो. तोवर एसएलपी टाकायची 90 दिवसांची मुदत कधीच उलटून गेलेली.

पोलिसात तक्रार दिलीय, तो फोन उचलत नाही. आता खऱ्या वकिलाकडून एसएलपी टाकलीय, सोबत विलंब माफीचा अर्ज, उशीर का झाला ते सगळं तारखांसकट लिहून. पुरावा म्हणून त्याचे मेसेज जोडले, आणि तिथे मराठी कागद चालत नाहीत म्हणून ते "टेन्शन घेऊ नका काका" पण इंग्रजीत करून घ्यावं लागलं, त्याचे पैसे वेगळे.