आठ महिने एका शेतमजुराच्या मागावर: इंग्लंडमधलं घराणं शोधतानाचा अनुभव

माझ्या सासूबाई नॉरफोकच्या. त्यांच्या पणजोबांविषयी घरात एवढंच ठाऊक होतं, की ते दुसऱ्याच्या शेतात राबायचे. मागच्या वर्षी आजारपणात त्या म्हणाल्या, "आमच्या माणसांचं कुणी कधी काही लिहून ठेवलं नाही." ते मनाला लागलं आणि मी शोधायला बसले. आठ महिन्यांत काय उपयोगी पडलं, ते सांगते.

सुरुवात फ्रीबीएमडी या संकेतस्थळापासून करा. मोफत आहे. जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद तिकडे १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिची सूची स्वयंसेवकांनी उतरवून काढली आहे. पण १९११ च्या आधीच्या जन्मांना त्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव नाही. एकाच नावाची चार पोरं समोर आली की गाडी अडते. मग जनरल रजिस्टर ऑफिसची, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीची, स्वतःची सूची उघडायची, तिथे ते आडनाव १८३७ पासून दिलंय. आमच्या पणजोबांपुढे मात्र नुसती रेघ होती. मला वाटलं, नोंद अर्धवट राहिली असेल. लग्नाविना झालेल्या मुलाच्या नोंदीत तशी रेघच असते, हे नंतर कळलं. दाखला मागवला. जन्म १८५०, ठिकाण नॉरफोकमधल्या ग्रेसनहॉलचं वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवून कामाला लावायचं घर), बापाचा रकाना कोरा.

जनगणनेसाठी मी एका संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली. मूळ पानं घरबसल्या दिसतात, त्याचे पैसे नक्की वसूल होतात. पण त्यांनी उतरवलेल्या नावांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १८६१ मध्ये पणजोबा मला दोन महिने सापडेनात. जुन्या वळणात एल आणि एस ही अक्षरं सारखीच दिसतात, आणि उतरवणाऱ्याने आडनावच बदलून टाकलं होतं. शेवटी आडनावाची जागा रिकामी सोडली, फक्त पहिलं नाव, वय आणि जन्मगाव टाकलं. सापडले! आजोबांच्या घरी, वय १०, धंदा शेतमजूर. दहा वर्षांचं पोर.

१८४१ च्या गणनेत आणखी एक खोच आहे. पंधरावरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. पणजोबांच्या आईचं वय तिथे १५ दिसतं, म्हणजे ती १९ चीही असू शकते. हे माहीत नसल्यामुळे मी तिचा बाप्तिस्मा भलत्याच वर्षांत शोधत बसले.

ग्रेसनहॉलला आम्ही जाऊन आलो. १७७७ सालची ती इमारत आता संग्रहालय आहे. एकेकाळी तिथे लग्नाविना आई झालेल्या बायकांना वेगळं जाकीट घालावं लागे, लांबूनच ओळखू यावं म्हणून. ते ऐकून सासूबाई बाकावर बसल्या, बराच वेळ उठल्या नाहीत.

लग्नाच्या नोंदवहीचं पानही पाहायला विसरू नका. १८७३ च्या त्या पानावर बायकोची सही आहे, पणजोबांची नुसती फुली. शाई फुलीच्या मधोमध पसरलीय, इतका जोर दिलाय. शेजारी वडिलांच्या नावाच्या जागी आडवी रेघ.

सगळ्यात मोलाचा कागद १९११ च्या जनगणनेचा. त्या वर्षी घरोघरी भरलेले फॉर्मच जपले गेले, म्हणून घरातल्याच कुणाचं तरी हस्ताक्षर दिसतं. किती मुलं जन्मली, किती हयात, किती गेली, असे रकाने आहेत. आमच्या फॉर्मवर ११, ७, ४. गेलेल्या चौघांची नावं लिहायची नसतात, तरी ती लिहिलीत. नंतर कारकुनाने त्यांवर रेघ ओढली, पण खालचं वाचता येतं. सासूबाईंनी ती चारही नावं मोठ्याने वाचली. त्यांतलं एकही त्यांनी आधी ऐकलेलं नव्हतं.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय, नवी भरणार नाही. माझ्या कामाचं जेवढं तिथे होतं तेवढं उतरवून घेतलंय. वर्कहाउसच्या वह्या नॉर्विचच्या नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसात आहेत. १८५० च्या आसपासच्या वह्या पाहायला आम्ही दोघी मे महिन्यात जाणार आहोत.