धूमकेतू नसलेली लाफित

बाटली हातात आली तेव्हा मी लेबल पाहिलं, धूळ पाहिली, उजेडात धरून वाइनची पातळीही पाहिली. काच तेवढी पाहिली नाही. ६५० युरो तिथंच बुडाले, म्हणजे आपले साधारण पासष्ट हजार.

आम्ही फ्रान्समध्ये तुलूजला राहतो. बोर्दो इथून ट्रेननं दोन-सव्वादोन तासांवर. माझा जन्म १९८५ चा, म्हणून चाळिशीला १९८५ ची शातो लाफित रोथशिल्ड ही बोर्दोची तांबडी वाइन उघडायची हे खूळ मीच डोक्यात घेतलं. साताऱ्याच्या घरी दारूचा विषय निघाला की आई उठून आत जाते, आणि मी इथं वाइनवर प्रवचनं झोडत असतो. अशा माणसाला गंडवणं सोपं असतं, कारण आपल्याला कळत नाही हे त्याला कबूल करायचं नसतं.

हट्ट लाफितचाच का, तर नाव. बोर्दोजवळच्या मेडोक भागातल्या पोइयाक गावचा हा द्राक्षमळा. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी १८५५ साली बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा तांबड्या वाइनच्या पहिल्या प्रतीत चारच नावं होती आणि लाफित त्यातलं एक. १८६८ मध्ये जेम्स द रोथशिल्डनं तो विकत घेतला आणि आजही तो त्याच घराण्याकडे आहे. पैसे मोजताना आपण या इतिहासाचेही मोजतो, आणि नकली बाटली विकणाऱ्याला तो फुकटात वापरायला मिळतो.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात दिसली, किंमत ७००. बोर्दोच्या सेंट जाँ स्टेशनसमोरच्या कॅफेत भेट ठरली. साठीचा गृहस्थ, इस्त्रीचा कोट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. वडील डॉक्टर होते, एका पेशंटनं त्यांना पेटी दिली होती, आता आईला वृद्धाश्रमात ठेवायचंय म्हणून घर रिकामं करतोय, असं म्हणाला. बोलताना त्याचे डोळेही भरून आले. तरी मी निर्लज्जपणे घासाघीस केली. त्यानं थोडे आढेवेढे घेतले आणि पन्नास कमी केले. परतीच्या ट्रेनमध्ये मला वाटत होतं, म्हाताऱ्याला मीच स्वस्तात गुंडाळलं. पावती मागितली नाही. त्याच्या आईचं ऐकल्यावर पावती कुठल्या तोंडानं मागणार?

इतकी जुनी वाइन किती आधी उघडून ठेवायची हे विचारायला बाटली घेऊन घराजवळच्या वाइनच्या दुकानात गेलो. दुकानदारानं लेबल पाहिलंसुद्धा नाही. बाटली आडवी धरून काचेवरून अंगठा फिरवला. मग उलटी करून पुन्हा फिरवला. ‘ला कोमेत?’ म्हणाला. मला वाटलं, ज्या दुकानातून घेतली त्याचं नाव विचारतोय.

तो विचारत होता धूमकेतूबद्दल. त्या सुमारास हॅलेचा धूमकेतू येत होता, म्हणून लाफितनं १९८५ च्या बाटल्यांच्या काचेतच धूमकेतू आणि साल उठावात घेतलंय. २००८ च्या बाटलीवर चिनी भाषेतला आठचा आकडा आहे. लेबल काय, बऱ्या प्रिंटरवर छापता येतं, आणि धूळ तर कुठंही मिळते. काचेत उठाव आणायचा म्हणजे साचा लागतो. माझी बाटली लहान बाळाच्या गालासारखी गुळगुळीत होती.

घरी येऊन जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. त्यात धूमकेतू स्पष्ट दिसत होता! आधी मी तो दिव्याचा चमकारा समजलो होतो. फोटो खऱ्या बाटलीचा होता, माझ्या हातात मात्र दुसरीच आली होती.

शेवटी रविवारी मटणाबरोबर ती उघडली. बुचावर द्राक्षमळ्याचं नावही नव्हतं आणि सालही नव्हतं. चाळीस वर्षांच्या तांबड्या वाइनची पेल्यातली कड विटकरी पडायला हवी, ही तर जांभळाच्या रसासारखी. चवीला वाईट नव्हती, आणि तेच जास्त लागलं. दुकानदारानं नंतर सांगितलं, ते मात्र आणखी पक्कं काम. हॉटेलातून लाफितच्या रिकाम्या खऱ्या बाटल्या विकत घेतात आणि त्यात दुसरी वाइन भरतात. तिथं काचेवरून अंगठा फिरवूनही काही कळत नाही. म्हणून खरी लाफित प्यायलात तर लेबलावर पेननं रेघोट्या मारा, मगच बाटली टाका. २००९ पासूनच्या वाइनला बुचावरच्या टोपीपासून काचेवर आलेलं, नंबर असलेलं सील असतं आणि तो नंबर तपासता येतो. जुन्या बाटल्यांना सहसा ही सोय नसते.

योगायोग बघा, १९८५ च्याच डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात १७८७ ची म्हणून एक लाफित १,०५,००० पौंडांना गेली. अमेरिकेचा जुना राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याची आद्याक्षरं कोरलेली ती बाटली फोर्ब्ज मासिकाच्या घराण्यानं घेतली. तशाच ‘जेफरसन’ बाटल्या घेतलेल्या बिल कोक या अमेरिकी उद्योगपतीनं पुढे तपास लावला, तेव्हा जेफरसनशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा मॉन्टिचेलो या जेफरसनच्या घराच्या अभ्यासकांना सापडला नाही, आणि कोरीवकाम विजेच्या हत्यारानं केल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. कोकनं माजी एफबीआयवाले कामाला लावले होते. मी बायकोची बोलणी खाल्ली.

विकणाऱ्याकडून त्याच बाटलीचा फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. मान, टोपी, मागची काच, सगळं दिसलं पाहिजे. तो आढेवेढे घ्यायला लागला तर ट्रेनचं तिकीट काढू नका. आणि बिल मागा, समोरच्याच्या आईची तब्येत कशीही असो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. जाहिरात दुसऱ्याच दिवशी गायब झाली होती. गेल्या आठवड्यात वेगळ्या नावानं पुन्हा आली. फोटो तोच, धूमकेतूवाला, आणि किंमतही तीच, ७००. घासाघीस केलीत तर पन्नास कमी करतो.