टीव्हीजवळच्या बिनआवाजी पीसीसाठी एएसरॉक एन१००डीसी-आयटीएक्स: वापरतोय, आवडलाय

टीव्हीला जोडायला छोटा पीसी बनवायचाय म्हणलं की लोक पहिल्यांदा प्रोसेसर कुठला आणि रॅम किती हेच विचारतात. माझं मत विचाराल तर हॉलमधल्या पीसीचा आधी मदरबोर्ड ठरवा, कारण पंखे किती लागणार, केस केवढी लागणार, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लायचा डबा) लागणार का नाही हे सगळं शेवटी बोर्डावरच ठरतं. मी एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स घेतलाय, रोज रात्री तोच चालू असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बोर्ड मिनी-आयटीएक्स आहे, १७ बाय १७ सेंटीमीटर. इंटेलचा एन१०० प्रोसेसर (२०२३ मध्ये आला, ४ कोअर, ६ वॉट) बोर्डावरच सोल्डर केलेला आहे आणि त्याच्यावर नुसता हीटसिंक, पंखा नाहीच. पण या बोर्डाची खरी मजा मागच्या बाजूला आहे, तिथे लॅपटॉपला असतो तसा डीसी जॅक दिलाय, १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला की झालं. एसएमपीएस नाही आणि तो २४ पिनचा जाडजूड वायरींचा गठ्ठाही नाही. शांत पीसी करायचा म्हणून लोक सीपीयूला महागातला कूलर घेतात पण एसएमपीएसमधल्या पंख्याचा विचारच करत नाहीत, मग रात्री पिक्चरमध्ये कोणी हळू आवाजात बोलायला लागलं की मागून ती घरघर येतेच. इथे दोन्ही पंखे गेले. एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी चिपवाली डिस्क) टाकली तर फिरणारी एकही वस्तू आत राहत नाही. मोठी हार्ड डिस्क मात्र आत लावू नका, डिस्क जोडायचे २ साटा पोर्ट आहेत म्हणून मोह होतो पण डिस्कची कटकट शांत खोलीत सगळ्यात आधी कानावर येते, ती दुसऱ्या खोलीत नॅसमध्येच (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यात) बरी.

दुकानात गेलात तर बहुतेक ठिकाणी रायझन ५६००जी आणि बी५५०चा आयटीएक्स बोर्ड घ्या असं सांगतील, ताकद भरपूर आहे म्हणून. ताकद आहेच, प्रश्नच नाही, पण ५६००जीमध्ये एव्ही१चं (व्हिडिओ लहान करून साठवायचा एक फॉरमॅट) हार्डवेअर डिकोडिंग नाही, म्हणजे तो उलगडायला चिपमध्ये वेगळी सोय नाही, यूट्यूब आता बरंच एव्ही१मध्ये येतं, म्हणजे तिथे सगळं काम सीपीयूवर पडणार आणि पंखा वर चढणार. एन१०० स्वस्तातली चिप असून एव्ही१, व्हीपी९, १० बिट एचईव्हीसी असे व्हिडिओचे सगळे फॉरमॅट हार्डवेअरमध्ये डिकोड करते. एक्स५७०चे बोर्ड सेकंडहँडमध्ये दिसले तर अजून एक बघा, त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर चिपसेटलाच एक बारका पंखा असतो आणि असे बारके पंखे जुने झाले की कर्कश वाजतात. आणि कुठलाही जुना बोर्ड घेताना एचडीएमआय कितवा आहे ते वाचा, १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं, माऊस हलवला तरी अडखळताना दिसतो.

हीच एन१०० चिप असलेला एसूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ पण मी बघितला होता, तोही बिनपंख्याचा. पण त्याला नेहमीची २४ पिन पॉवर लागते, रॅम लॅपटॉपवाली आणि साटा एकच. एएसरॉकला डेस्कटॉपची डीडीआर४ चालते, म्हणजे घरात जुनी पडलेली स्टिक कामाला येते. स्लॉट एकच आहे, तेव्हा ८ का १६ जीबी ते आधीच ठरवा.

मी यावर कोडी (टीव्हीवर पिक्चर बघायचं फुकट सॉफ्टवेअर) चालवतो. एक सेटिंग सगळ्यांनी करावं असं मनापासून वाटतं, डिस्प्लेचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलायचं. पिक्चर २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही ६० हर्ट्झवर, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की इमारती, विजेचे खांब असे टप्प्याटप्प्याने सरकतात. सेटिंग चालू केलं की टीव्ही क्षणभर काळा होतो आणि मग तोच शॉट एकदम सलग जातो. एवढ्यासाठी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता काय नाही तेही सांगतो. एचडीएमआय-सीईसी नाही, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने पीसी चालत नाही. ही अडचण बहुतेक सगळ्याच पीसी बोर्डांची आहे, वेगळा यूएसबी-सीईसी अडॅप्टर घ्या नाहीतर सरळ ब्लूटूथ रिमोट. वायफाय बोर्डासोबत येत नाही, स्लॉट आहे, त्यात इंटेल एएक्स२१० टाकलं की ब्लूटूथपण मिळतं. गेम खेळायचे असतील तर हा बोर्ड घेऊच नका, ग्राफिक्स कार्ड लावायचा पीसीआयई स्लॉट आहे पण त्याला दोनच लेन (डेटाचे रस्ते) आहेत. आणि तुमचं बघणं फक्त नेटफ्लिक्सवर असेल तर ४केसाठी विंडोज आणि त्यातही एज किंवा त्यांचं ॲप लागतं, त्यापेक्षा स्ट्रीमिंग स्टिक घ्या, पैसे वाचतील.

उष्णतेचं म्हणाल तर पंखा नाही म्हणजे हवा खेळती हवीच. पुण्यात मे महिन्यात दारं लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये हा कोंडून ठेवू नका, मागची फळी काढा किंवा युनिटच्या वर ठेवा, आणि केस जाळीच्या झाकणाची घ्या.

लाइट जाणाऱ्या गावात राहत असाल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पॉवर परत आली की आपोआप चालू व्हायचा ऑप्शन लावून ठेवा, आईबाबांना मागे हात घालून बटण शोधावं लागत नाही. लॅन गिगाबिटच आहे, २.५ नाही, पण ४के ब्लू-रेचा रेटसुद्धा गिगाबिटपेक्षा बराच कमी असतो, तेव्हा नॅसवरून बघायला काहीच कमी पडत नाही. अडॅप्टर मात्र वेगळा घ्यावा लागतो, पुण्यात तपकीर गल्लीत १९ व्होल्टचे ढिगाने मिळतात, फक्त पिनची जाडी बोर्डाच्या जॅकला जुळते का ते बोर्ड सोबत नेऊन लावूनच बघा.